कॅटचे ८६ आणि सीईटीचे ९७: प्रवेश परीक्षेचे आकडे वाचावेत कसे?

सोलापूरच्या एका पालकांनी मुलीची दोन गुणपत्रके पाठवून चार प्रश्न विचारले आहेत. मुलीने कॅट २०२४ (आयआयएम म्हणजे भारतीय व्यवस्थापन संस्थांची देशपातळीवरील प्रवेश परीक्षा) दिली आणि नंतर राज्याची एमबीए सीईटीही दिली. कॅटच्या कार्डावर एकूण पर्सेंटाइल ८६.१४ आहे, तर सीईटीत ते ९७.४ च्या पुढे आहे. त्यांचे प्रश्न थोडक्यात असे. उत्तरतालिका ताडून घरी मोजलेले गुण ५८ आले होते, ते कार्डावर ५३.७ कसे झाले? दुसऱ्या स्लॉटमधील (त्याच दिवशीच्या वेगळ्या सत्रातील) मैत्रिणीचे घरी मोजलेले गुण ५५ असताना तिचे पर्सेंटाइल मुलीपेक्षा जास्त कसे? इंग्रजी, तर्क व विदा-विश्लेषण आणि गणित या तीन विभागांची पर्सेंटाइल अनुक्रमे ९४, ५८ आणि ८३ अशी असून त्यांची सरासरी ७८ येते, मग एकूण ८६ हा आकडा चुकून तर पडला नाही ना, आणि पुढे तो कमी करतील का? शेवटचा प्रश्न असा, की दोन आकड्यांत अकरा-बारांचा फरक आहे, तर मुलगी नेमकी कोणत्या लायकीची समजायची?

शेवटच्या प्रश्नातील ‘लायकी’ हा शब्द मी प्रथम बाजूला ठेवतो. पुण्यात गेली वीस-बावीस वर्षे मी या परीक्षांसाठी गणित आणि विदा-आकलन (डेटा इंटरप्रिटेशन) शिकवतो. निकालाच्या आठवड्यात येणाऱ्या प्रश्नांपैकी बहुतेकांच्या मुळाशी एकच गैरसमज असतो, तो म्हणजे पर्सेंटाइल हे एक प्रकारचे टक्केच आहेत. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्या टेबलावर पेढ्यांचा पुडा ठेवून म्हणाले होते, ‘‘सर, पोरीला ९२ टक्के पडले, आता अहमदाबादचे आयआयएम नक्की ना?’’ मुलगी त्यांच्यामागे उभी राहून मला नजरेने गप्प राहायला सांगत होती, कारण तिला फरक माहीत होता आणि वडिलांचा आनंद दोन दिवस तरी टिकावा असे तिला वाटत होते. मी पेढा खाल्ला आणि विषय दुसऱ्या दिवसावर ढकलला.

राज्य मंडळाच्या अकरावीच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात याच संकल्पनेला ‘शतमक’ म्हटले आहे आणि चतुर्थक, दशमक, शतमक अशा क्रमाने ती शिकवली जाते. परीक्षेच्या बाजारात मात्र पर्सेंटाइल हाच शब्द रुळला आहे, म्हणून मीही तोच वापरतो. त्याचा अर्थ रांगेतील जागा एवढाच. आपण सोलापूरचे आहात, तेव्हा पंढरपूरची दर्शनबारी आपल्याला सांगायला नको. मंडपात आपण कुठे उभे आहोत हे कळण्यासाठी मागे किती आणि पुढे किती हे पाहावे लागते. घरून किती कोस चालत आलो याचा त्याच्याशी संबंध नसतो. गुण म्हणजे चाललेले कोस आणि पर्सेंटाइल म्हणजे बारीतील जागा.

कॅटचे सूत्र आयआयएमनी जाहीर केलेले आहे आणि ते अगदी साधे आहे. परीक्षेला प्रत्यक्ष बसलेल्या सर्वांची संख्या घ्यायची, समान मापावर आणलेल्या गुणांनुसार प्रत्येकाला क्रमांक द्यायचा (समान गुण असल्यास समान क्रमांक), एकूण संख्येतून तो क्रमांक वजा करायचा, येणाऱ्या संख्येला एकूण संख्येने भागून शंभराने गुणायचे आणि उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकित करायचे. कॅट २०२४ ला सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवार बसले होते. आपल्या मुलीचे ८६.१४ म्हणजे तिच्या पुढे साधारण चाळीस हजार सहाशे आणि मागे अडीच लाखांच्या थोडे वर उमेदवार आहेत. ९९ पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे सुमारे २,९३० जण असतात, ९९.९ वाल्याच्या पुढे २९३ आणि ९९.९९ वाल्याच्या पुढे जेमतेम २९.

याच सूत्रातील पूर्णांकनाची एक गंमत मी दर वर्षी वर्गात फळ्यावर सोडवून दाखवतो. ९९.९९५ किंवा त्याहून अधिक असलेले सगळे पर्सेंटाइल १०० असे छापले जाते. म्हणजे एकूण उमेदवारांच्या दर वीस हजारांमागे एक जण ‘शंभर’चा धनी होतो. २ लाख ९३ हजारांना वीस हजारांनी भागले की चौदा पूर्ण आणि वर काही उरते, आणि कॅट २०२४ मध्ये बरोबर १४ जणांना १०० पर्सेंटाइल मिळाले. २०२३ ला सुमारे २ लाख ८८ हजार बसले, तेव्हाही १४. २०२२ ला सुमारे २ लाख २२ हजार, तेव्हा ११, आणि २०२१ ला सुमारे १ लाख ९२ हजार, तेव्हा ९. वर्तमानपत्रांत ‘यंदा शंभर पर्सेंटाइलवाले वाढले’ अशी बातमी येते, तेव्हा पेपर सोपा होता किंवा मुले हुशार झाली असा अर्थ लावला जातो. प्रत्यक्षात त्या वर्षी परीक्षेला जास्त लोक बसले एवढेच त्यावरून कळते. पेपर कितीही अवघड असला तरी पहिल्या चौदांची जागा पहिल्या चौदांनाच मिळणार. कॅटच्या शंभराचा शंभर टक्के गुणांशीही काही संबंध नाही. गेल्या काही वर्षांत ९९ पर्सेंटाइललासुद्धा एकूण गुणांच्या निम्म्याहून कमी गुण पुरले आहेत.

आता आपला पहिला प्रश्न. कॅट एका दिवशी तीन स्लॉटमध्ये होते आणि तिन्ही स्लॉटचे पेपर वेगळे असतात. कितीही काळजी घेतली तरी तीन पेपरांची काठिण्यपातळी तंतोतंत सारखी ठेवणे कोणत्याही परीक्षकाला जमत नाही. म्हणून प्रत्येक स्लॉटमधील गुणांची मध्यावरची पातळी आणि त्यांचा फैलाव विचारात घेऊन सर्वांचे कच्चे गुण एका समान मापावर आणतात. या मापावरील गुणांना स्केल्ड स्कोअर म्हणतात. कार्डावर हेच गुण छापलेले असतात, कच्चे गुण तेथे नसतातच.

एक काल्पनिक आणि मुद्दाम सोपे केलेले उदाहरण घेऊ. समजा, सकाळच्या स्लॉटची सरासरी ४० आणि गुणांचा प्रमाण विचलनाने मोजलेला फैलाव २० आहे, तर दुपारच्या स्लॉटची सरासरी ३४ आणि फैलाव १८ आहे. सकाळी ८० मिळवणारा आपल्या गर्दीच्या सरासरीपेक्षा दोन फैलाव वर आहे, आणि दुपारी ७० मिळवणाराही दोनच फैलाव वर आहे. दोघांना समान मापावर समान गुण मिळायला हवेत, आणि तसेच होते. सकाळच्या मुलाला वाटते आपले दहा गुण गेले, परंतु ते दहा गुण मुळात सोप्या पेपरने दिलेले होते. खऱ्या प्रक्रियेतील गणित याहून गुंतागुंतीचे असते आणि ते प्रत्येक विभागाला स्वतंत्रपणे लावले जाते, तरी तत्त्व हेच. आपल्या मुलीचे घरी मोजलेले ३५, १० आणि १३ हे गुण कार्डावर ३३.१, ८.४ आणि १२.२ झाले आहेत, म्हणजे तिन्ही विभाग थोडे थोडे खाली आले आहेत. तिचा स्लॉट तुलनेने सोपा गेला, असा याचा सरळ अर्थ आहे. मैत्रिणीचा पेपर अवघड असल्यामुळे तिचे ५५ वर सरकले. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आले.

यात अन्याय होतो का, असे आपण विचारले नाही, पण पत्राच्या सुरातून ते जाणवते. ही पद्धत एका गृहीतकावर उभी आहे. तिन्ही स्लॉटमधील उमेदवारांची सरासरी कुवत सारखी आहे, असे ती धरून चालते. उमेदवार शहर निवडू शकतो, स्लॉट निवडू शकत नाही, आणि प्रत्येक स्लॉटमध्ये लाखाच्या आसपास लोक बसतात. एवढ्या मोठ्या संख्येत एका स्लॉटला सगळे हुशार आणि दुसऱ्याला सगळे सुमार अशी वाटणी होणे जवळपास अशक्य आहे. गृहीतक म्हणून मला ते पटते. एखाद्या मुलाला पडलेल्या एखाद्या विशिष्ट प्रश्नसंचाने झालेला घात मात्र कोणतेही समायोजन भरून काढू शकत नाही, कारण समायोजन गर्दीचे होते, एकट्याचे नाही.

सीईटीची रीत वेगळी आहे आणि ती नीट समजून घेण्याचे कष्ट फार थोडे पालक घेतात. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या या परीक्षेत २०० प्रश्न, २०० गुण आणि १५० मिनिटे असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. परीक्षा अनेक सत्रांत होते, आणि प्रत्येक सत्रातील उमेदवाराची तुलना फक्त त्याच सत्रातील उमेदवारांशी केली जाते. आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण मिळवणारे त्या सत्रात किती आहेत, त्याला सत्रातील एकूण संख्येने भागून शंभराने गुणायचे. ‘आपल्याइतके’ यात उमेदवार स्वतःही मोजला जातो, त्यामुळे प्रत्येक सत्राच्या पहिल्याला पूर्ण १०० मिळतात. कॅटमध्ये पहिल्या क्रमांकालाही काटेकोर हिशेबात १०० मिळत नाहीत, पूर्णांकनाने ते छापले जातात एवढेच. शिवाय सीईटीचे पर्सेंटाइल दोनऐवजी बऱ्याच दशांश स्थळांपर्यंत देतात, जेणेकरून एकाच आकड्यावर शेकडो मुलांचा ढीग साचू नये. म्हणून वेगवेगळ्या सत्रांतील दोघांनी सीईटीचे कच्चे गुण एकमेकांना सांगून वाद घालणे व्यर्थ आहे.

सरासरीचा प्रश्न मला सर्वांत आवडला, कारण येथे आपल्याला चूक आपल्या बाजूने झाल्यासारखी वाटली आणि तरीही आपण ती कळवलीत. चूक नाही. एकूण पर्सेंटाइल हे तीन पर्सेंटाइलवरून काढतच नाहीत. तीन विभागांच्या स्केल्ड गुणांची बेरीज करतात, म्हणजे ३३.१ अधिक ८.४ अधिक १२.२, बरोबर ५३.७, आणि त्या बेरजेची नवी रांग लावतात. इंग्रजीच्या विभागात आपल्या मुलीने गर्दीला बरेच मागे टाकून जे गुण कमावले, ते बेरजेत पूर्ण वजनाने उतरले. तर्क आणि विदा-विश्लेषणात ती मधल्या दाटीत अडकली असली, तरी त्या दाटीतील इतरांपेक्षा तिचे नुकसान दोन-चार गुणांचेच आहे. ५८ पर्सेंटाइल हा आकडा त्या नुकसानाला उगीच मोठे करून दाखवतो. तिन्ही विभागांत ९५ असलेल्या मुलाचे एकूणही ९५ च्या वर जाते, कारण एका विभागात पुढे असणारे पुष्कळ असतात, पण तिन्हीकडे पुढे असणारे थोडे. तिन्हीकडे २० असणारा त्याच कारणाने एकूणात २० च्या खाली घसरतो. पर्सेंटाइलची बेरीज, वजाबाकी किंवा सरासरी करू नये, हे मी पहिल्याच तासाला सांगतो, आणि तरी पहिल्या मॉकनंतर (सराव परीक्षेनंतर) निम्मा वर्ग नेमके तेच करत बसलेला असतो.

मधल्या दाटीबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण सगळा गोंधळ तेथेच होतो. काही वर्षांपूर्वी मी एका मॉकनंतर चाळीस मुलांना क्लासबाहेरच्या बोळात गुणांच्या क्रमाने भिंतीशी उभे केले आणि प्रत्येकाला आपले गुण कागदावर मोठ्या आकड्यात लिहून छातीशी धरायला सांगितले. मधल्या अकरा जणांच्या कागदांवर ३८ ते ४२ एवढेच आकडे होते. सर्वांत पुढे उभ्या असलेल्या मुलीच्या हातात ११२ होता आणि तिच्या शेजारच्याच्या हातात ९३. आता पर्सेंटाइलच्या हिशेबाने चाळीसांच्या रांगेत एक पाऊल म्हणजे अडीच पर्सेंटाइल. पहिल्या दोघांतील एकोणीस गुणांचे अंतरही अडीच पर्सेंटाइलच, आणि मधल्या दाटीतील एका गुणाचे अंतरही निदान तेवढेच. त्या मुलीला हे दिसले तेव्हा ती म्हणाली, ‘‘म्हणजे माझे एकोणीस गुण वायाच गेले की!’’ रांगेपुरते बोलायचे तर गेलेच.

खऱ्या परीक्षेतही चित्र असेच असते, फक्त रांग तीन लाखांची. ८५ च्या आसपास एक प्रश्न बरोबर येण्याऐवजी चुकला, तर अधिक तीन मिळायचे राहून उणे एक पदरी पडतो, म्हणजे चार गुणांचा फरक होतो, आणि माझ्या वहीतील मुलांच्या नोंदी पाहता तेवढ्याने दोन-अडीच पर्सेंटाइल सहज हलतात. दोन-अडीच पर्सेंटाइल म्हणजे सहा-सात हजार माणसे. उलट, ९९ वरून ९९.९ वर जायला आठ-दहा प्रश्न जास्त बरोबर यावे लागतात, आणि हा प्रवास कागदावर मात्र ‘०.९’ एवढाच दिसतो. म्हणून ८६ आणि ८८ मधील फरकावरून आपली मुलगी आणि तिची मैत्रीण यांच्या बुद्धीविषयी काही ठरवू नये. तो फरक एका प्रश्नाचा आहे, आणि तो प्रश्न त्या दिवशी शेवटच्या दोन मिनिटांत घाईने टिचकी मारलेला असू शकतो. ९९ आणि ९९.९ मधील फरक मात्र खरा असतो.

पर्सेंटाइल ही रांगेतील जागा असल्यामुळेच कॅटच्या एखाद्या विभागात शून्य गुण मिळाले, तरी पर्सेंटाइल शून्य नसते. ऋण गुणांमुळे कित्येक उमेदवार शून्याच्याही खाली गेलेले असतात आणि रिकामा पेपर देणारा त्यांच्या पुढे निघतो. पालकांना हे विनोदी वाटते. मला त्यात रणनीतीचा एक तुकडा दिसतो, कारण अवघड विभागात हात आवरणारा मुलगा कधी कधी सगळे प्रश्न धडाधड सोडवणाऱ्याला मागे टाकतो. सीईटीत मात्र एकही प्रश्न कोरा ठेवून उठणे हा शुद्ध मूर्खपणा आहे, आणि दर वर्षी कोणी ना कोणी तो करतोच.

आता लायकीकडे वळतो. कॅटचे ८६ आणि सीईटीचे ९७.४ यांत मोठे कोण, हा प्रश्न दोन वेगळ्या बाऱ्यांतील जागांची तुलना करण्यासारखा आहे. कॅटची बारी देशभरातील आहे आणि तीत आयआयटी-एनआयटीतून निघालेले, नोकरी करून दुसऱ्या-तिसऱ्यांदा बसणारे असे पुष्कळ असतात. सीईटीला एक लाखाहून अधिक उमेदवार बसतात, पण ती गर्दी मुख्यतः आपल्या राज्यातील आहे, आणि फॉर्म भरला आहे तर बसून पाहू, अशा वृत्तीचे उमेदवार तीत बरेच आढळतात. शिवाय दोन्ही परीक्षा मोजतात तेही निरनिराळे. कॅटमध्ये मोजके पण अवघड प्रश्न आणि विचाराला वेळ असतो, तर सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला पाऊण मिनिट. वेगाने वाचणाऱ्या आणि चटकन पुढे सरकणाऱ्या मुलीला सीईटीत वरची जागा मिळणे स्वाभाविक आहे. त्यामुळे ‘कॅटचे ८६ म्हणजे सीईटीचे अमुक’ असे रूपांतर करणारे जे तक्ते फिरत असतात, त्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

इतर परीक्षांबद्दल थोडक्यात, कारण आपल्या मुलीने पुढच्या वर्षीचा विचार चालवल्याचे आपण लिहिले आहे. जमशेदपूरच्या एक्सएलआरआयची झॅट एकाच सत्रात होते, तेव्हा तेथे स्लॉटच्या समायोजनाचा प्रश्नच उद्भवत नाही. एनमॅटमध्ये तीन विभागांना प्रत्येकी १२ ते १२० आणि एकूण ३६ ते ३६० असे स्केल्ड गुण मिळतात. तेथे पर्सेंटाइलपेक्षा हा स्कोअरच बोलतो, कारण मुंबईच्या एनएमआयएमएससारख्या संस्थांचे कटऑफ स्कोअरमध्येच सांगितले जातात. सिंबायोसिसच्या स्नॅपमध्ये ६० मिनिटांत ६० प्रश्न असतात, आणि तेथेही एका प्रश्नाने पर्सेंटाइल सहज हलते.

परदेशाचा विचार असेल तर जीमॅटचे गणित उलटे आहे. तेथे स्कोअर स्थिर असतो आणि पर्सेंटाइल सरकते. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या जीमॅटची श्रेणी २०५ ते ८०५ अशी आहे आणि प्रत्येक स्कोअरच्या शेवटी ५ असतो. जुन्या परीक्षेची श्रेणी २०० ते ८०० होती. दोन्ही आकडे दिसायला सारखे असल्याने पुण्यातील आयटी कंपन्यांत नोकरी करणारे माझे जुने विद्यार्थी अजूनही ‘सातशे हवेत’ असे म्हणत असतात. नव्या श्रेणीतील ७०५ हा जुन्या ७०० पेक्षा कितीतरी दुर्मीळ आहे, तेव्हा जुन्या वर्षांच्या सरासरीशी तुलना करताना तो स्कोअर कोणत्या परीक्षेचा आहे हे आधी पाहावे. पर्सेंटाइल तेथे गेल्या काही वर्षांच्या परीक्षार्थींवर काढतात आणि ते अधूनमधून नव्याने मांडले जाते, म्हणून तोच स्कोअर पुढील वर्षी किंचित वेगळे पर्सेंटाइल दाखवतो.

प्रवेशाकडे येतो. ‘कटऑफ’ या एका शब्दाखाली दोन निराळ्या गोष्टी खपवल्या जातात आणि त्यातून बरीच घरे दुःखी होतात. आयआयएम आपल्या प्रवेश धोरणात जे किमान पर्सेंटाइल छापतात, ती नुसती दाराची चौकट असते. तिच्या खालचे आत येऊ शकत नाहीत, पण तिच्या वरच्या सर्वांना बोलावणार असा त्याचा अर्थ नाही. प्रत्यक्ष मुलाखतीचा कॉल कॅटचे गुण, दहावी-बारावी आणि पदवीचे गुण, कामाचा अनुभव, काही ठिकाणी शैक्षणिक शाखा आणि लिंग यांचे वजन धरून केलेल्या एकत्रित गुणांवर ठरतो, आणि काही आयआयएम त्या हिशेबात पर्सेंटाइल न घेता स्केल्ड स्कोअरच घेतात. शिवाय प्रत्येक विभागाची वेगळी चौकटही असते. आपल्या मुलीचे एका विभागातील ५८ तेथे अडसर ठरते, आणि खुल्या प्रवर्गातून या कार्डावर आयआयएमचा कॉल येईल अशी आशा मी आपल्याला दाखवणार नाही.

कॅटच्या कार्डावरील पर्सेंटाइल सर्व प्रवर्गांच्या एकाच रांगेतील असते. प्रवर्गानुसार बदलतो तो कटऑफ. महाराष्ट्रातील पालकांनी येथे एक गोष्ट अवश्य तपासावी. राज्याचे प्रवर्ग आणि केंद्राचे प्रवर्ग एकच नाहीत. राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत असलेला एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) प्रवर्ग आयआयएमसारख्या केंद्रीय संस्थांत नाही. तेथे केंद्राच्या यादीतील ओबीसी, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) हेच चालतात, आणि प्रमाणपत्रही केंद्राच्या नमुन्यातील लागते. फॉर्ममध्ये चुकीचा प्रवर्ग भरून नंतर धावपळ करणारी मुले मी दर वर्षी पाहतो.

सीईटीकडून होणाऱ्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत, ज्याला सगळे कॅप म्हणतात, कटऑफचा अर्थ दुसराच आहे. तेथे आधी कोणी आकडा ठरवत नाही. एखाद्या फेरीत, एखाद्या संस्थेत, एखाद्या प्रकारच्या जागेवर शेवटी ज्या उमेदवाराला प्रवेश मिळाला, त्याचे पर्सेंटाइल म्हणजे त्या जागेचा कटऑफ. ते प्रवर्गागणिक, फेरीगणिक आणि वर्षागणिक बदलते. मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेची खुल्या प्रवर्गातील दारे ९९.९ च्या आसपास बंद होतात हे सर्वांना ठाऊक असते, म्हणून ९७ वाला मुलगा आपण हरलो असे समजून बसतो. वास्तविक ९७.४ म्हणजे दर लाखामागे फक्त २,६०० जण पुढे, आणि कॅपमधील जागा त्याहून कितीतरी अधिक आहेत. प्रश्न जागा मिळण्याचा नाही, योग्य जागा मिळण्याचा आहे.

यासाठी पर्सेंटाइलपेक्षा राज्याच्या गुणवत्ता यादीतील क्रमांक अधिक उपयोगी पडतो, आणि तो याद्या लागल्यावर मिळतो. सीईटी कक्ष मागील वर्षाचे कटऑफ संस्थानिहाय, प्रवर्गनिहाय आणि फेरीनिहाय प्रसिद्ध करतो. त्यांत पर्सेंटाइलसोबत हा क्रमांकही दिलेला असतो. मी मुलांना आपला क्रमांक घेऊन मागील दोन वर्षांच्या याद्यांत तो कुठे बसतो ते पेन्सिलीने टिपायला लावतो. दोन्ही वर्षी ज्या संस्थेत क्रमांक आत बसतो ती सुरक्षित, एकाच वर्षी बसतो ती शक्य, आणि थोडक्यात हुकतो ती आशेवर ठेवायची. पहिल्या फेरीच्या कटऑफवरच नजर खिळवू नका. वरच्या क्रमांकाची काही मुले मधल्या काळात आयआयएम, एनएमआयएमएस किंवा सिंबायोसिसकडे निघून जातात आणि पुढच्या फेऱ्यांत रांग खरोखरच सरकते.

निकालाआधी पर्सेंटाइल वर्तवणाऱ्या साधनांविषयीही थोडे सांगतो. त्यांत आपले गुण कोण भरतो याचा विचार करा. पेपर बरा गेलेलाच उत्साहाने भरतो, आणि बिघडलेला दोन आठवडे त्या पानाकडे फिरकत नाही. मॉकचेही तसेच आहे. पैसे भरून मॉक देणारी मुले तयारीची असतात, त्यामुळे तेथील ८० पर्सेंटाइल खऱ्या परीक्षेत अनेकदा वर जाते, पण किती वर, हे छातीठोकपणे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. हे मी अनुभवाने सांगतो. एका वर्षी मी उत्तरतालिका ताडून एका मुलाला ‘अठ्ठ्याण्णवच्या खाली येत नाहीस’ असे सांगितले. त्याचा स्लॉट सोपा होता हे मला तेव्हा कळायला हवे होते. त्याचे ९६.३ आले, आणि त्या पावणेदोन आकड्यांच्या भरवशावर त्याने दोन संस्थांचे फॉर्म भरायचे सोडून दिले होते. तेव्हापासून मी आकडा सांगत नाही, फार तर पट्टा सांगतो, आणि फॉर्म सगळे भरायला लावतो.

तेव्हा आपल्या मुलीने कॅटचे कार्ड टाकून देऊ नये. आयआयएमव्यतिरिक्त कॅटचे गुण स्वीकारणाऱ्या खासगी संस्था पुष्कळ आहेत आणि त्यांतील काहींना ८६ पुरतात, मात्र त्यांचे शुल्क आणि नोकऱ्यांचे खरे आकडे पाहूनच पुढे जावे. मुख्य भर कॅपवर ठेवावा. पर्याय भरताना पसंतीचा क्रम आवडीनुसार लावावा, मिळण्याच्या शक्यतेनुसार नव्हे. वरच्या ओळीत अवघड संस्था लिहिल्याने खालच्या ओळीतील संधी कमी होत नाही. मात्र पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती स्वीकारावी लागते, तेव्हा जेथे जायचेच नाही अशा संस्थेचे नाव पहिल्या ओळीत लिहू नये. त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतील फेऱ्यांचे नियम तिने स्वतः वाचावेत. सायबर कॅफेवाल्याकडून फॉर्म भरून घेतला, तरी शेवटचे बटण दाबण्यापूर्वी पर्यायांची यादी आपण दोघांनी मोठ्याने वाचून घ्यावी.